मामांचं नखपरीक्षण

सबंध ऑकलंडमध्ये ‘शॉक’ या शब्दाची राखण करणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इथल्या एका हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात ते ब्रदर होते, हिल्सबरोला एकटे राहत आणि दर रविवारी टाकानिनीला आमच्याकडे जेवायला येत. शॉकचे तीनच प्रकार त्यांना मान्य होते. एक विजेचा, दुसरा गाडीच्या चाकांवरचा, धक्के सोसणारा, आणि तिसरा त्यांच्या वॉर्डातला, ज्यात रक्तदाब कोसळतो आणि बोटांपर्यंत रक्त पोचत नाही. मनाला बसणारा चौथा त्यांना सपशेल नामंजूर होता, आणि आपल्या लोकांना तर तोच उठता-बसता बसतो. कुणी तसं म्हणालं की मामा त्याचं बोट धरून नख दाबत. नख पांढरं पडे. सोडल्यावर चटकन गुलाबी झालं, तर माणूस ठणठणीत.

मंडळाच्या गणपतीत आमच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “मोदक संपले? मला तर शॉकच बसला.” मामांनी हातातली पत्रावळ खाली ठेवली, भर रांगेत बाईंचं नख दाबलं आणि सौम्यपणे निकाल दिला, “गुलाबी आहे, वहिनी. तुम्हाला नुसती भूक लागलीय.” भेंडीचा भाव ऐकून हादरलेल्या एका इंजिनिअरचं नख त्यांनी डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, गल्ल्यासमोर तपासलं, आणि मागची गिऱ्हाइकं अदबीनं थांबून राहिली. माझा मुलगा मराठी समजून इंग्रजीत उत्तरं देणारा, पण मामा दारात दिसले की आधी बोट पुढे करायचा आणि नख गुलाबी झालं की स्वतःच जाहीर करायचा, “स्वीट ॲज, मामाआजोबा,” म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम झकास. मी मात्र हात खिशात घालून बसायचो. चारचौघांत बोट धरलेलं मला आवडत नसे.

मग मला सिडनीत नोकरी मिळाली. घर विकायला काढलं, खोकी आणली, पण मामांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच टाळलं. त्यांचा रविवार मोडणारा मी होतो. खोकी मी गराजमध्ये लपवली आणि मामांना गाडी बाहेर लावायला लावली. बायको म्हणाली, “ठरवलंत तुम्ही, तर सांगाही तुम्हीच. मी फक्त आमटी चांगली करीन.”

आमटी खरंच चांगली झाली होती. मामांनी भाताचं आळं केलं, त्यात आमटी ओतली, आणि मी ताटाकडे बघत सगळं एका दमात सांगून टाकलं. मामांनी एक घास खाल्ला. मीठ मागितलं. आमटीत मीठ बरोबर होतं.

“जावईबापू,” मीठ ताटाच्या कडेला वाढून घेत ते म्हणाले, “मला जरा शॉक बसला.”

माझा मुलगा जेवायचा थांबला. मी त्यांचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याचं नख दाबलं. इतकी वर्षं लोकांची बोटं धरणाऱ्या या माणसाचं बोट कुणी धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नख पांढरं पडलं. सोडलं, तर चटकन गुलाबी.

“गुलाबी आहे, मामा.”

“असं?” हात तसाच माझ्या हातात ठेवून मामा म्हणाले. “तुम्हाला सवय नाही. नीट दाबलं नसेल. पुन्हा एकदा बघा.”

मी पुन्हा बघितलं. आमटी निवेपर्यंत बघत होतो.