कानावरचं दादला फूल

भागीआत्या सकाळी कानावर भोपळ्याचं फूल खोचून फिरायची, पण ते नटण्यासाठी नव्हे. सुतार पेन्सिल खोचतो तसं. पाकळ्या तिने आधीच खुडून टाकलेल्या असायच्या. उरायचा तो देठ आणि त्याच्या टोकाला पिवळ्या भुकटीने माखलेला कोंब. वेलांतून वाकून चालताना हवं ते फूल दिसलं की कानावरचा कोंब काढून त्याच्या पोटात हलकेच फिरवायची, आणि पुन्हा कानावर. बोर्ली पंचतनच्या बाजाराला निघालेली माणसं बांधावर थांबून हसायची.

"आत्या, लग्नं लावतेस काय?"

"व्हय. अक्षता टाक, नायतर वाट सोड," ती मान वर न करता म्हणायची.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. नवऱ्याने सोडल्यावर माहेरी, आमच्या गावात परत आलेली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. भात कापून झालं की भावाच्या तुकड्यात उरलेल्या ओलीवर लाल भोपळा लावायची.

मी आठवीत शाळा सोडली. फुलाचं फळ कसं होतं, हा धडा पुस्तकात पुढे कुठेतरी होता म्हणे. मी तिथवर पोचलो नाही. त्यामुळे घरामागे भोपळा लावला तेव्हा मला एकच गोष्ट ठाऊक, खत. शेणखत घातलं, सुक्या मासळीचा चुरा घातला, वर दर आठवड्याला युरिया. पानं ताटाएवढी झाली. फळ मात्र सुपारीएवढं धरायचं आणि पिवळं पडून गळायचं. आत्याने येऊन एक पान उचलून पाहिलं.

"अंगाला लागला, पोटाला न्हाय."

"अजून घालू का खत?"

"खत मुळाला. फळाचा काम फुलात हाय." तिने दोन फुलं शेजारी धरली. "हा दादला, नुसता देठ. ही बाय. बघ, इवलासा भोपळा पोटाशी घेऊनच उमलली. पण याची भुकटी तिला मिळाली न्हाय तर तो गळणारच. तिचा काय दोष?"

फवारण्या वाढल्यापासून माश्या कमी झाल्या होत्या, म्हणून ती हे काम हाताने करायची. मी विचारलं, "तुला कोणी शिकवलं?"

"भुंग्यानं. एक हंगाम नुसती बसून बघितला."

त्या वर्षी माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. आई माझ्या बायकोला, सुजाताला, दोन वेळा कडू काढा पाजायची, कुणी दिलेली पूड चाटवायची, उपास करायला लावायची. शिमगा झाला की सुनेला माहेरी पोचवायचं आणि माझ्यासाठी दुसरी बघायची, असं तिने ठरवलं होतं. मी गप्प होतो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. आईला होतोच, पण त्याहून जास्त त्या गोष्टीला, जी मला भोपळ्याच्या वेलाजवळ कळली होती.

एकदा आत्या बियाणं द्यायला आली, तेव्हा सुजाता पडवीच्या टोकाला बसून काढा ओकत होती. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "वयनी, मुळाला किती खत घालशील? दादला फूल कोणी बघितला काय?"

"वन्सं, आमच्या घराण्यात तसला काय न्हाय."

"माझ्या सासरीपण हेच बोलले. माझ्यावर दुसरी आणली. तिलापण काय न्हाय झाला. मंग तिला नावं ठेवली. त्याला कोण काय बोलला न्हाय."

हे ती इतक्या साध्या आवाजात बोलली, जणू बाजारातला भाव सांगतेय. मग माझ्याकडे वळली. "सोमवारी माणगावला चल. भोपळे न्यायचेत, ओझं उचलायला माणूस पायजे."

भोपळे विकायच्या आधी तिने मला तपासणीच्या ठिकाणी नेलं. हातात छोटी बाटली घेऊन मी आत किती वेळ बसलो ते मलाच माहीत. आत्या बाहेर बाकावर, पायाशी पोतं. तिथल्या मुलीने विचारलं, "आजी, तुमची काय तपासणी?"

"माझी झाली, चाळीस वर्षांमागं. न तपासताच."

कागद वाचून डॉक्टर म्हणाले, दोष माझ्यात आहे, लहानसं ऑपरेशन करून बघता येईल, पण खात्री नाही. समजलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "व्हय, भुकटी कमी हाय." ते क्षणभर बघत राहिले आणि मग हसले. मलाही जरा बरं वाटलं.

भोपळे विकून आत्या आणि मी एसटीने परतलो. गावच्या थांब्यावर उतरल्यावर म्हणाली, "मी सांगू, की तू?"

"मीच सांगतो."

"आजच सांग. फूल मिटल्यावर कोण काय करणार?"

सुजाता भात वाढत होती तेव्हा मी सांगितलं. तिचा हात तसाच थांबला. आई ताटावरून उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी काढ्याचं भांडं घासून पालथं घातलेलं दिसलं. शिमगा आला आणि गेला, सुजाता घरातच होती.

ऑपरेशन झालं. मूल अजून नाही.

मी आता ओमानला खजुराच्या बागेत आहे. इथे दादला झाड वेगळं, बायकी झाड वेगळं. झाडावर चढून दादल्याच्या तुऱ्याच्या काड्या बायकी घोसात बांधाव्या लागतात. उंचीची मला अजून भीती वाटते, पण काम पहिल्याच दिवशी समजलं. आत्याला फोनवर सांगितलं, तर तिचे प्रश्न संपेनात. एका दादल्यावर किती झाडं भागतात? तुरा किती दिवस टिकतो?

"मंग माशी एवढी वर जाते?"

"माशी नाही आत्या, मीच जातो."

ती खूप हसली. "मंग तूच भुंगा. पडू नको."

गेल्या पावसात ती गेली. मला जाता आलं नाही. तिचा तुकडा आता सुजाता करते. परवा सकाळी व्हिडिओवर बोलत होतो, तिच्या कानावर पाकळ्या खुडलेलं फूल होतं. मागे आई वेलात वाकून ओरडत होती, "सुजा, हितं दोन बाया उमलल्यात." मी अजून काही विचारणार होतो, पण सुजाता म्हणाली, "ठेवते. ऊन चढतंय, फुलं मिटतील."