सिस्टरांच्या लेकीचे मुऱ्हाळी

पाडव्याच्या सकाळी फराळाचे डबे घेऊन मी सिस्टरांच्या आश्रमात गेले, तेव्हा भांडायचा माझा मुळीच विचार नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरी अजूनही म्हणतात की ही जाईल तिथे भांडण डब्यात घालूनच नेते.

आश्रम म्हणजे पांढुर्ण्याच्या बाहेर, सौसरच्या रस्त्याला, संत्र्याच्या बागेला लागून असलेलं कौलारू घर. तिथे चार ख्रिस्ती सिस्टर राहतात. स्टेशनवर कुणी बेवारस, आजारी माणूस सापडलं किंवा कुणा म्हातारीला घरच्यांनी सोडून दिलं, की पोलीससुद्धा आधी त्यांनाच फोन करतात. मी शाळेत शिकवते. माझी त्यांची ओळख टाळेबंदीतली. नागपूरकडून पायी निघालेले मजूर हायवेने लोंढ्यांनी येत होते, कडेवर लेकरं, डोक्यावर गाठोडी, पायांना फोड. सगळ्या गावाची दारं बंद असताना सिस्टरांनी फाटक उघडलं आणि अंगणात चुली मांडल्या. मी पोळ्या लाटायला म्हणून गेले ती मग जातच राहिले.

तिथेच ती पोरगी पहिल्यांदा दिसली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात पिठल्याची बादली, आणि पायाला भिंगरी. तिची आई फार वर्षांपूर्वी कापूस वेचायला म्हणून कुठल्याशा दूरच्या मुलखातून आली होती, तापाने फणफणली, सिस्टरांनी उचलून आणली, आणि ती आश्रमातच वारली. पोरगी तेव्हा रांगत होती. पुढे तिला मोठ्या सिस्टरांनी वाढवलं, म्हणजे नावाला सिस्टरांनी. वेण्या घातल्या, दटावलं, न्हाऊ घातलं ते सगळं आश्रमातल्या आज्यांनी. या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. रामाकोन्याकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा दरवर्षी आश्रमाला संत्री द्यायला यायचा. क्रेट उतरवायला त्याला दर खेपेला जास्तच वेळ लागायला लागला, आणि त्याचं कारण आज्यांना त्याच्याआधी कळलं.

तर त्या सकाळी मोठ्या सिस्टर व्हरांड्यात एकट्या बसल्या होत्या. त्या मूळच्या केरळच्या, पण मराठी शिकल्या त्या इथल्या म्हाताऱ्यांकडून, त्यामुळे त्यांची भाषा माझ्या सासूबाईंपेक्षाही जास्त इथली आहे.

"पोट्टी आमाले भुलली, बाई," त्या म्हणाल्या.

"काहून? फोन नाही करत?"

"दर रविवारी करते. मी म्हणते, ये नं वं, फाटक उघडंच हाय. ती म्हणते, हाव सिस्टर, पाहते. मंग रडते. पण येत नाही. राखी गेली, पोळा गेला, आता दिवाळी बी चालली. तिथं सुखी असन तर मी कायले बोलावून राहिली, असं वाटते मले."

"आणाले कोण गेलं होतं?"

"आणाले?" सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला एका क्षणात कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे नवी लग्न झालेली लेक आपल्या पायांनी माहेरी येत नाही. तिला आणायला माहेराहून माणूस जातो. भाऊ, बाप, काका, कुणीच नसेल तर शेजारचा. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो दारात आला की सासरी त्याचा मान करतात आणि मग लेकीला त्याच्यासोबत पाठवतात. नाही आला तर सासू एक वेळ गप्प बसेल, पण शेजारणी नाही बसत. हिच्या मागे कुणी नाही, असं एकदा गावाने ठरवलं की ते मग जन्मभर चिकटतं. आणि लेक काही स्वतःच्या तोंडाने 'मला न्यायला या' म्हणणार नाही. फोनवर रडेल, पण म्हणणार नाही.

"अवो सिस्टर, फाटक उघडं ठेवून काय होते?" मी ओरडलेच. "आणाले जा लागते! थे पोरगी तिकडे वाट पाहून राहिली असन, न् तुमी इकडे!"

सिस्टरांचा चेहरा असा झाला की मला माझा आवाज गिळावासा वाटला. त्यांना तरी कसं ठाऊक असणार? त्या अठराव्या वर्षी घर सोडून निघाल्या. त्यांच्यात बदलीचा हुकूम आला की एक पेटी उचलायची आणि सांगितलेल्या गावच्या गाडीत स्वतःच जाऊन बसायचं. कुणी आणायला येत नाही आणि कुणी न्यायलाही नाही. उघडं फाटक हेच त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं बोलावणं.

"मंग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय, उद्या भाऊबीज. आज नाही आणली तं तिची पहिली दिवाळी गेली!"

आणि मग काय धांदल उडाली म्हणता! मी आमच्या ह्यांना फोन लावला. मुऱ्हाळी म्हणून एक पुरुषमाणूस तरी हवा ना. ते म्हणाले, "हाव, येतो, तासाभरात." आमच्या ह्यांचा तासाभर म्हणजे काय ते मला वीस-बावीस वर्षांपासून माहीत आहे. आश्रमाचा ड्रायव्हर दिवाळीसाठी मोहगावला गेलेला. सिस्टर आत गेल्या आणि गाडीची किल्ली घेऊन आल्या.

"तुमाले चालवता येते?"

"इथं आली तवा मीच चालवत होती. पेशंट आणाले."

मी फराळाचे डबे पुन्हा उचलले. रिकाम्या हाताने जाता येत नाही, आणि आश्रमासाठी केलेला चिवडा आश्रमाच्या लेकीच्या सासरी गेला तर देव काही रागावणार नव्हता. डबे ठेवायला मागचं दार उघडलं, तर आत सगळ्यात म्हातारी, म्हणजे आमची मोठी आजी, बसलेली! हातात काठी, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. कधी ऐकलं, कधी नेसली, कधी चढली, कुणास ठाऊक.

"आजी, उतरा. आम्ही तिले घेऊन येतो."

"तू कोन आननारी? तिच्या उवा कोनं काढल्या?"

मागोमाग दुसरी आली, मग तिसरी. एकीने डोळ्याला चष्मा लावला होता तो दुसरीचा. बघता बघता गाडी भरली. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, ही काय जत्रा आहे? मुऱ्हाळी एक माणूस असतो, तोही पुरुष, आणि इथे म्हाताऱ्यांचं वऱ्हाड! सिस्टरांनी मात्र कुणालाच उतरवलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या एका आजीने खिडकीतून हाक मारली, "माह्या वाटचं बी पाहून येजा वं!" आणि आम्ही निघालो.

सिस्टर गाडी काय चालवतात! डोक्यावरचा पांढरा पदर वाऱ्याने फडफडतोय, एक हात हॉर्नवर, आणि समोर कापसाची ट्रॉली आली की तोंडाने येशूचं नाव. मागे आज्यांनी गाणी सुरू केली. कुणाला सूर नाही, कुणाला दात नाहीत, पण जोर असा की सौसरच्या चौकात लोक थांबून बघायला लागले. मला आधी लाज वाटली, आणि सौसर मागे पडेपर्यंत मीही टाळ्या वाजवत होते. इतकी मजा मला माझ्या स्वतःच्या वरातीत आली नव्हती, आणि तसं मी ह्यांना नंतर सांगितलंसुद्धा.

रामाकोना जवळ आलं तशा आज्या गप्प झाल्या. मोठी आजी मला हळूच म्हणाली, "हाकलून तं नाही देनार ना?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुणाला घेऊन चालले आहे. या आजीला तिच्या पुतण्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून आश्रमात सोडलं होतं, आठ दिवसांत न्यायला येतो म्हणून. ऑपरेशन चांगलं झालं, दिसायला लागलं, आणि मग ती कितीतरी दिवस फाटकाकडे बघत बसायची. इतरांच्याही गोष्टी थोड्याफार अशाच. ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही, त्या आज एका पोरीला आणायला निघाल्या होत्या.

घरापुढे गायगोधनाचा, म्हणजे पाडव्याच्या गाईपूजेचा, सडा होता, गाईंची शिंगं रंगवलेली. सासू दारातच उभी होती. तिने गाडी पाहिली, सिस्टर पाहिल्या, एकेक करून उतरणाऱ्या म्हाताऱ्या पाहिल्या. 'या' म्हणाली नाही.

"आज आठवन आली?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, अगदी धारदार. पण सिस्टरांनी माझ्याआधी हात जोडले.

"चूक आमची हाय, माय. मले रीत मालूम नव्हती. मले वाटलं, पोट्टी आपल्या मनानं येन."

"न् आमाले वाटलं, पोरगी देऊन टाकली न् हात झटकले. राखीपासून तिची पिशवी भरून हाय. रोज संध्याकाळी फाट्याकडे पाह्यते. इचारलं तं म्हनते, काही नाही, गाडी गेली." सासूचा आवाज कापायला लागला होता. म्हणजे राग आमच्यावर होता तो पोरीच्याच बाजूने होता, आणि मी मूर्ख तिच्याशी भांडायला निघाले होते! कुंपणापलीकडे एव्हाना शेजारणी जमल्या होत्या. एक जण तर टोपलं उलटं करून त्यावर चढली होती.

"मुऱ्हाळी कोन हाय तुमच्यात?" सासूने विचारलं. "मान कोनाले द्याचा?"

आमचे हे मागून येत आहेत, अशी थाप मी मारणारच होते. तेवढ्यात मोठी आजी काठी टेकत पुढे झाली.

"मी हाव. न् ह्या बी. आमी सम्द्याच मुऱ्हाळी हाव."

सासूने आजीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "पानी गरम ठेवा वं! लय पाय धुवाचे हाय!"

अंगणात खाटा टाकल्या, आणि त्या बाईने एकेकीचे पाय स्वतः धुतले. मोठ्या आजीचे पाय तसे सिस्टर रोज धुतात, जखमेला मलम लावायला. पण मान म्हणून धुणं वेगळं. आजी पाठ ताठ करून, कुंपणाकडे तोंड करून बसली, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. मुऱ्हाळ्यासाठी राखीलाच आणून ठेवलेला दुपट्टा आणि टोपी सासूने बाहेर काढली. दुपट्टा आजीच्या खांद्यावर घातला. टोपीचं काय करायचं ते कुणाला सुचेना, तर आजीने ती घेतली आणि सरळ पदरावरून डोक्यात घातली. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

मग पोरगी बाहेर आली. हातात पिशवी. मला वाटलं, धावत येऊन सिस्टरांच्या गळ्यात पडेल. पण ती आमच्याकडे आलीच नाही. आधी कुंपणापाशी गेली, टोपल्यावर चढलेल्या त्या बाईसमोर उभी राहिली आणि खच्चून ओरडली, "मले न्याले आले वं! पाहा, माह्या माहेरचे आले!"

मी ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली. सिस्टर पदराने चष्मा पुसत होत्या आणि तो आणखीच ओला होत होता. सासू एकीकडे डोळे टिपत होती आणि दुसरीकडे बजावत होती, "परवा पोरगा येन घ्याले. त्याच्याबिगर धाडू नका."

"नाही धाडत," आजी टोपीतून म्हणाली. "रीत मालूम हाय आमाले."

परतताना गाडीत जागाच नव्हती. पोरगी खाली, आज्यांच्या पायांपाशी बसली, आणि तिचं डोकं कुणाच्या मांडीवर ठेवायचं यावरून सौसरपर्यंत भांडण चाललं. मग तीच झोपून गेली आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या, जणू पाळण्यातलं बाळ झोपलंय. मोठ्या आजीने माझ्या बाहीला धरून मला जवळ ओढलं.

"बाई, राखीले बी आणाले जा लागते ना?"

"हाव तं. राखीले बी जा लागते."

ती बराच वेळ बोटांवर महिने मोजत राहिली. मग म्हणाली, "म्हन्जे तवरक मले जगाच लागन."