आमच्या व्याह्यांची कॅरॅव्हॅन

आगाशीपासून वटारपर्यंत स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा चाकांच्या बेअरिंगची जास्त काळजी करणारा एकच माणूस देवाने जन्माला घातला, आणि नेमका त्याचाच मुलगा माझ्या मुलीला पसंत पडला. सोयरीक ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलाची आई फिलोमिना सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली, मुलगा लाजत बाहेर आला आणि मुलाचे वडील जीपखालून बाहेर आले. हातांना ग्रीस होतं म्हणून त्यांनी कोपरं जोडून नमस्कार केला. "बसा विहीणबाई, दोनच नट राहिलेत," म्हणाले आणि पुन्हा आत सरकले. लग्नाच्या पुढच्या सगळ्या बोलण्यांना त्यांच्या बाजूने जीपखालून आलेले दोन पाय हजर होते. पटलं की उजवा अंगठा हलायचा.

आयुष्यभर बसच्या डेपोत इंजिनं उघडून झाल्यावर निवृत्तीनंतर माणूस वाडीत केळी लावतो. आमच्या व्याह्यांनी सातिवलीच्या एका गाळ्यात आठ महिने बसून कॅरॅव्हॅन बनवून घेतली. बनवून घेतली म्हणजे कारागिरांनी बनवलेली प्रत्येक गोष्ट उकलून पुन्हा बनवली. जीपच्या मागे जोडून न्यायची दोन चाकांची खोलीच ती. आत दोन पलंग, शेगडी, भांडी घासायला इवलीशी मोरी आणि खिडकीला फिलोमिनाने विणलेला पांढरा पडदा. गावाने तिचं नाव 'डबा' ठेवलं. व्याह्यांपुढे तसं म्हणायची सोय नव्हती. "डबा जेवणाचा असतो," ते सांगत. "ही प्रवासाला जाते, म्हणून ही कॅरॅव्हॅन."

तिची देखभाल चर्चच्या कॅलेंडरवर चाले. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा झाली की टायरची हवा, चाकांचे नट, जोडणीचा हुक आणि दिवे. दिव्यांच्या तपासणीला फिलोमिना मागे उभी राहून ओरडायची, "लागला... गेला... लागला... गेला!" नव्याने राहायला आलेल्या एका बाईला वाटलं, घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. ती बिचारी हातातलं काम टाकून धावत आली. उपवासकाळाचे चाळीस दिवस म्हणजे मोठी सर्व्हिस. आम्ही मटण सोडायचो, ते अंथरूण सोडायचे. चाकं उतरवून बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचे, नवं ग्रीस भरायचे, ब्रेक उघडायचे, गॅसची नळी साबणाच्या पाण्याने तपासायचे, छपराचा एकेक सांधा बोटाने चाचपायचे. इस्टरला फादर पवित्र पाणी शिंपडायला आले, तर हे त्यांच्या मागून फडक्याने पुसत चाललेले. "राग मानू नका, फादर. आशीर्वाद राहू दे, पण पत्र्याच्या सांध्यात ओल राहता कामा नये."

सगळ्यात भयंकर होती ती वही. आपण फादरसमोर जसं कुमसार करतो, पापं कबूल करतो, तसं कॅरॅव्हॅनला हात लावणाऱ्या प्रत्येकाने प्रवासाहून आल्यावर त्या वहीत कबूल करायचं. माझ्या जावयाने लिहिलं होतं, 'खड्डा दिसला होता, तरी गेलो.' फिलोमिनाने, 'कपाटाची कडी लावली नाही. तीन कप फुटले. दोन जुनेच होते.' खुद्द व्याह्यांच्या अक्षरात एक नोंद होती, 'हवा भरताना मनात दुसरा विचार आला.' कोणता विचार, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

माझ्या नावाचं पान मात्र कोरं होतं. आता त्या कोऱ्या पानाबद्दल सांगते. तेव्हा मी तरुण होते, त्रेसष्ट वर्षांची. अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

पहिल्या प्रवासाला मला त्यांनी मानाने बोलावलं. कोल्हापूरला माझी बहीण, तिथपर्यंत जायचं होतं. मी नवी साडी नेसून, पावडर लावून हजर. पाहते तर आंब्याच्या फांदीला वजनाचा काटा टांगलेला. माणशी दहा किलो सामान, त्यावर एक चमचा नाही. माझी बॅग साडेअकरा भरली. व्याह्यांनी चार लोकांदेखत त्यातला नारळीपाकाच्या वड्यांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. "वड्या खाऊन टाका विहीणबाई. पोटातलं वजन आम्ही मोजत नाही."

लोक हसले. माझ्या पावडरखालून धूर निघाला. मी वटारच्या वाडीवाल्याची मुलगी. आमच्याकडे सख्ख्या बहिणीकडेसुद्धा कुणी हात हलवत जात नाही, आणि मी कोल्हापूरला एक बॅग घेऊन उतरू? व्याही पुढे वाकून हुक तपासत होते. कॅरॅव्हॅनच्या मागच्या बाजूला अंथरुणं ठेवायची लांबलचक पेटी होती. ती पेटी ते कधी उघडत नसत, कारण "बायकांच्या सामानाला परपुरुषाने हात लावू नये" असा त्यांचा बाणा. मी आमच्या वाडीतल्या गड्याला खूण केली. साठ नारळ, न सोललेले, आणि केळीची दोन लोंगरं गोधड्यांखाली गेली. वर मी उशी ठेवली आणि उशीवर जपमाळ. कुणाची हिंमत आहे?

हायवेवर जीपने वेग घेतला आणि कॅरॅव्हॅन मागे शेपूट हलवायला लागली. आधी जरा, मग अशी की व्याह्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले. वेग कमी केला की शांत, वाढवला की पुन्हा सुरू. कोल्हापुरात ते टायर तपासत असताना मी पेटी रिकामी केली. बहिणीने गळ्याला मिठी मारली. परतीच्या वाटेवर कॅरॅव्हॅन सुतासारखी सरळ आली.

पुढे नाशिक आणि सावंतवाडी. दोन्हीकडे माझे नातलग, दोन्हीकडे नारळ. जाताना शेपूट, येताना सूत. व्याह्यांनी एक्सल बदलला, पाटे बदलले, चाकं बदलली. समुद्राचा वारा मोजला. शेवटी तर म्हणाले, "तिला घर सोडवत नाही, विहीणबाई. जाताना कुरकुरते, परतताना बघा कशी खुशीत येते." मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "माझ्या मुलीचंही लग्नानंतर सुरुवातीला तसंच होतं."

मला खरंच काही कळत नव्हतं, शप्पथ. कळलं ते सातिवलीच्या मेकॅनिकला बोलावलं त्या दिवशी. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो कॅरॅव्हॅनखालून म्हणाला, "अंकल, पीछे लोड जास्त पडत असेल. पुढचा हुक हलका झाला की गाडी नाचते."

"अशक्य," व्याही म्हणाले. "माझ्या गाडीत सुईसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय चढत नाही."

मला गोधड्यांखालचे साठ नारळ आठवले. तेव्हाच बोलायचं होतं. पण त्रेसष्टाव्या वर्षी बाईला आपल्या अब्रूची फार काळजी असते. मी चहा दिला आणि घरी निघून आले. व्याह्यांनी जाहीर केलं, दोष सापडेपर्यंत प्रवास बंद. "ज्या गाडीची मला खात्री नाही, तिच्या मागच्या रस्त्यावर दुसऱ्यांची पोरंबाळं असतात," म्हणाले. दीड वर्ष कॅरॅव्हॅन आंब्याखाली उभी राहिली. पहिले शुक्रवार चुकले नाहीत, पण फिलोमिनाच्या 'लागला... गेला'मधला जोर गेला.

मग एका शनिवारी फिलोमिना माझ्याकडे आली आणि पदराने डोळे पुसायला लागली. "विकतायत गं. उद्या मिस्सानंतर अर्नाळ्याचा माणूस यायचाय. चाकं काढून किनाऱ्यावर ठेवणार, उसाच्या रसाचं दुकान करणार. हे म्हणाले, दोष सापडत नाही म्हणजे हात गेले माझे. जेवले नाहीत दोन दिवस."

हात गेले! ज्या माणसाने फादरच्या मागून फडकं फिरवलं, तो माझ्या साठ नारळांपायी स्वतःला निकामी समजत होता. रविवारच्या मिस्सात फादर काय बोलले ते मला विचारू नका.

पोचले तेव्हा अर्नाळ्याचा माणूस कॅरॅव्हॅनमध्ये डोकं घालून पाहत होता. "काका, पानी सोडायला भोक पाडावं लागेल. आनि ही मोरी काढून तिथे चरक बसवू."

व्याही दुसरीकडे बघत म्हणाले, "पाडा."

"थांबा!" मी इतक्या जोरात म्हटलं की कोंबड्या उडाल्या. "व्याही, ती वही आणा."

वही आली. सगळ्यांदेखत, बॉनेटवर ठेवून मी माझ्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, 'कोल्हापूर, नाशिक, सावंतवाडी. दर वेळी मागच्या पेटीत साठ नारळ, दोन लोंगरं. चोरून. दीड वर्ष माहीत असून बोलले नाही.'

कुणी हसलं नाही. व्याह्यांनी वही ओढून घेतली आणि ते पान पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता माझी मुलगी परत पाठवतात. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सोललेले की न सोललेले?"

"न सोललेले."

"म्हणजे शंभर किलोच्या वर, एक्सलच्या मागे!" त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो मुलीच्या लग्नातही तसा पाहिला नव्हता. "भरा! जसे तेव्हा भरले होते तसेच भरा. दोष पुन्हा दाखवता आला तरच सापडला म्हणायचा."

अर्ध्या तासात वाडीतून नारळ आले. आम्हा दोघी विहिणींबरोबर अर्नाळ्याच्या माणसालाही जीपमध्ये बसवलं. हायवेवर वेग घेतला आणि कॅरॅव्हॅनने मागे असं शेपूट हलवलं की तो माणूस माझ्याच खांद्याला धरून बसला. "आवं काका, हळू!" व्याही आनंदाने ओरडत होते, "बघा, बघा कशी नाचते!" आयुष्यात एवढ्या खुशीत कुणी धोका दाखवला नसेल. लगेच वेग उतरवून त्यांनी गाडी बाजूला घेतली. तेच साठ नारळ आणि तीच दोन लोंगरं आम्ही चौघांनी मागच्या पेटीतून काढून चाकांच्या अगदी वर, मधल्या फरशीवर रचली आणि दोरीने आवळली. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. कॅरॅव्हॅन रुळावरून यावी तशी मागे आली. व्याह्यांनी मिनिटभर एक हात स्टिअरिंगवरून उचलून छातीवर क्रूसाची खूण केली. वहीत त्याचीही नोंद आहे.

परत आलो तेव्हा अंगणात अर्धं गाव जमलं होतं. अर्नाळ्याचा माणूस उतरला आणि म्हणाला, "काका, ही चीज चाकं काढायची नाय." जाताना चार नारळ मागून घेऊन गेला. फिलोमिना मागे जाऊन उभी राहिली आणि कुणी सांगायच्या आत ओरडली, "लागला!" अख्ख्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात आम्ही गोव्याला गेलो. आंब्याला काटा होताच, पण शेजारी पाटी होती, 'विहीणबाईंचे नारळ: वीस, मधोमध.'

त्यानंतर आम्ही पाच वर्षं हिंडलो. मागच्या पावसाळ्यात फिलोमिना गेली, आणि व्याह्यांनी लांबचं गाडी चालवणं आपण होऊन सोडलं. नजर अंधुक झाली आहे, हात थरथरतो. पण पहिला शुक्रवार आहे तिथेच आहे. दिवे बघायला मागे मी उभी राहते. गोणपाट टाकून चाकांशीही मीच बसते. ते खुर्चीत बसून पाना कुठवर ओढायचा ते सांगतात आणि नट मोजतात. एका चाकाला पाच, दोन चाकांचे दहा. परवाच्या शुक्रवारी दहावा झाला तरी मला उठावंसं वाटेना. ऊन कोवळं होतं आणि आत दोन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी घातलेल्या होत्या. मी सरकत पहिल्या चाकाशी गेले आणि घट्ट असलेल्या नटाला पुन्हा पाना लावला.

खुर्ची जराशी पहिल्या चाकाच्या बाजूला सरकली.

"अकरा," व्याही म्हणाले.