वैशालीची गोष्ट आणि रविवारची बैठक

ओहायोतल्या डब्लिनमध्ये मी एकटी राहते. आठवडाभर लॅपटॉपशी इंग्रजीत बोलायचं, म्हणून रविवारच्या बुद्धवंदनेची मी वाट बघायचे. खरं सांगायचं तर वंदनेपेक्षा नंतरच्या बैठकीची. आमची दहा-बारा घरं सतरंजीवर गोल बसायची आणि जयंतीला हॉल कुठला, जेवणात काय, यावर तास तास भांडायची. ठरायचं काहीच नाही. मी घसा बसवून, खूश होऊन घरी यायचे.

मग मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त काका म्हणाले, "तुम्ही सगळे बिझी. मी मॅनेज करतो ना!" लोकांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. निर्णय ग्रुपवर येऊ लागले, सतरंजीच्या जागी खुर्च्यांच्या रांगा आल्या. सगळं वेळेत, नीटनेटकं. वंदना संपली की पार्किंग रिकामं. मला तर रविवारची दुपार खायला उठायची.

एकदा मुलांना गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली. मी वैशाली नगरीची सांगितली. तिथे लिच्छवी लोक एकत्र बसून कारभार ठरवत, म्हणून मगधाच्या राजाची डाळ शिजत नव्हती. त्यानं आपल्या मंत्र्याला हाकलल्याचं सोंग केलं आणि त्याला तिकडे धाडलं. मंत्री एकाला बाजूला घेई आणि 'आज काय जेवलास?' एवढंच विचारी. तो परत येऊन तेच सांगे, पण बाकीच्यांना ते खरं वाटत नसे. हळूहळू कोणी कोणाशेजारी बसेना. मगधाचं सैन्य आलं, सभेचा नगारा वाजला, पण कोणीच आलं नाही. गणराज्य साम्राज्यानं गिळलं.

"बट व्हाय? दे हर्ड इट, राइट?" एका मुलीनं विचारलं. मागच्या रांगेत तिचे आईवडील फोन बघत होते. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या रविवारी मी सतरंजी अंथरली. "आज जयंतीचं बसून ठरवू या," म्हटलं.

"अगं, काकांनी फायनल केलंय ना? मग कशाला, यार," म्हणत सगळे निघाले. कोणाच्या मुलांचं सॉकर होतं, कोणाची ग्रोसरी.

काका तेवढे थांबले. गुडघे धरत समोर बसले. "बोल बेटा, काय बदलायचं?"

मी त्यांना मनात मगधाचा मंत्री करून ठेवलं होतं. आता ते खरंच कान देऊन बसले, तर बदलायचं काय? हॉल चांगला होता. जेवणही चांगलंच होतं.

"काही नाही, काका. मला भांडायला माणसं हवी होती."

काका रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. "म्हणून तर मी हे अंगावर घेतलं," ते म्हणाले. "वाटलं, निदान लोकांचे फोन येतील. आता ग्रुपवर नुसते अंगठे येतात."