थायरॉइड नव्हे

माझा नवरा नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात हृदयरोगाचा डॉक्टर आहे. माझ्याबद्दल त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "हिला थायरॉइडचा त्रास आहे."

मला थायरॉइड नाही. बायपोलर आहे, टाइप टू. आधी महिनोन्महिने मी अंथरुणातून उठत नसे. अंघोळीला जायचं म्हटलं तरी रडू यायचं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या आणि थोड्याच आठवड्यांत मी अशी काही सुटले की झोप नको, जेवण नको. फ्रंट रूमचा वॉलपेपर एकटीने खरवडून काढला. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या सगळ्या पुरणपोळ्या एकटीने लाटल्या. "बघ, झालीस की नाही बरी!" नवरा खूश. मग पुन्हा कोसळले.

वर्षानुवर्षं हेच. कोसळलेली असले की मी जीपीच्या दवाखान्यात जायची. उधाण आलेलं असताना कोण डॉक्टरकडे जातं? आणि मधल्या काळात तू कशी असतेस, हे कुणी विचारलंच नाही. घरातल्या डॉक्टरनेही नाही. शेवटी एका सायकायट्रिस्ट बाईंनी विचारलं, आणि आजाराला नाव मिळालं.

त्यानंतरच्या गणपतीत मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "थायरॉइडचं काय एवढं, मलाही आहे. रोज चालत जा." नवरा शेजारी उभा राहून मान डोलावत होता. माझं डोकं सणकलं.

"काकू, मला थायरॉइड नाही. बायपोलर आहे. लिथियम चालू आहे."

काकूंचा हात प्रसादाच्या वाटीवरच थांबला.

गाडीत नवरा म्हणाला, "काय गरज होती? पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

"तुझ्या पेशंटला हार्ट अटॅक आला, तर ॲसिडिटी झालीय असं त्याच्या बायकोला सांगतोस का?"

"ते वेगळं."

"गाडी थांबव."

मी उतरले आणि ट्रामने घरी आले. दारातच त्याने विचारलं, "आज गोळी घेतली होतीस ना?"

या आजारातलं हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. दुसरं कुणी चिडलं तर त्याला कारण असतं. मी चिडले तर डोस कमी पडलेला असतो.

"घेतली होती," मी म्हणाले. "आणि तरीही मला तुझा राग आलाय."

सायकायट्रिस्टच्या पुढच्या अपॉइंटमेंटला तो सोबत आला. बाईंनी त्याला विचारलं, "त्या उत्साहाच्या काळात तुम्हाला काही वेगळं जाणवलं नाही?" तो म्हणाला, "जाणवलं. पण तेव्हा घर छान चालायचं."

खरं बोलला, एवढंच. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.