हिरवे ठिपके

जतकडच्या माणसाला पाण्याचं अप्रूप असतं. सुलाबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं आणि उरलेलं टँकरच्या वाटेकडं डोळे लावण्यात. पलूसच्या खालच्या अंगाला उदयसिंहाच्या रानात तिनं पहिल्यांदा ती तीन तळी बघितली, तेव्हा आधी ती बांधावरून खाली उतरली, ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं आणि लगेच थुंकलं.

"आवं, हे तर खारट हाय!"

"मग काय हुतं तर," नवरा नानासो हसला. "गोडं असतं तर मालकानं ऊस नसता लावला व्हय?"

ऊस लावूनच ही दशा झाली होती. उदयसिंहाच्या वडलांनी, आज्यानं त्या जमिनीला पाणी पाज पाज पाजलं. शेवटी खालचं मीठ वर आलं, रान पांढरंफटक पडलं, कांडी उगवेना. उदयसिंह फौजेतून सुभेदार होऊन परत आला तो त्या पांढऱ्या रानावर. हरयाणात असल्याच खाऱ्या जमिनीत लोक समुद्राची कोळंबी वाढवताना त्यानं बघितले होते. त्यानं तळी खोदली, बोअरचं खारं पाणी भरलं, आणि राखणीला कुणी कायमचं राहील का म्हणून शोधताना त्याला नानासो सापडला. नानासोची शेवटची मेंढरं दुष्काळात विकून दोन वर्षं झाली होती. लेक राणी लग्न होऊन गेली होती. दोघं नवराबायको तळ्याच्या काठावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली.

नानासोचं काम खाद्य टाकायचं, पाण्यात हवा घालणारी एरेटरची चाकं चालू ठेवायची, बगळे हाकलायचे. सुलाबाईला काम मिळालं ते स्वप्नालीमुळं.

स्वप्नाली ही कराडला जीवशास्त्र शिकलेली मुलगी. आठवड्यातून दोनदा स्कूटीवरून यायची, पाणी तपासायची. तिनं दोन निळे ड्रम आणायला लावले. ड्रमात पाणी, कारखान्याची मळी, भाताचा कोंडा आणि पाकिटातली चिमूटभर पांढरी भुकटी टाकायची, आणि खालून हवा सोडून दिवसभर आंबवायचं. मग ते बादलीबादलीनं तळ्यात शिंपडायचं.

"मावशी, ह्यात चांगले जिवाणू असतात," ती सांगायची. "ते तळाची घाण खातात, कोळंबीच्या आतड्यात जाऊन बसतात. मग रोगाच्या जिवाणूंना जागाच उरत नाही."

"म्हंजे इरजण," सुलाबाई म्हणाली. "चांगलं इरजण लागलं की दूध नासत न्हाई."

स्वप्नाली तिच्याकडं बघतच राहिली. त्या दिवसापासून ड्रम सुलाबाईच्या ताब्यात गेले. आंबवण नीट झालंय की नासलंय, हे ती नुसत्या वासावरून ओळखायची. नासलेलं ती बांधापलीकडं ओतून द्यायची, आणि कुणी हळहळलं तर त्याच्याकडं बघायचीही नाही.

पुढं स्वप्नालीनं तिला बश्याही शिकवल्या. काचेसारख्या प्लास्टिकच्या छोट्या बश्या, आत हिरवट खळीसारखा थर. तळ्याचा एक थेंब त्यावर पसरायचा आणि बल्ब लावलेल्या थर्माकोलच्या पेटीत एक दिवस ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ठिपके उगवायचे. पिवळे थोडे असले तर चालायचं. हिरवे म्हणजे रोगाचे; ते दिसले की सावध. सुलाबाई चौथीपर्यंत शिकलेली. पण मेंढरं मोजलेली नजर ती. ठिपके मोजायला तिला एकदाच सांगावं लागलं.

दोन हंगाम चांगले गेले. आजूबाजूच्या तळ्यांवरची माणसं बघायला यायची. उदयसिंह त्यांना ड्रम दाखवायचा आणि म्हणायचा, "आमची डॉक्टरीण आत स्वयपाक करत्या, थांबा, बलिवतो."

तिसऱ्या हंगामात, ऐन मे महिन्यात, शेजारचं एक तळं आठ दिवसांत मेलं. उदयसिंह घाबरला. घाबरलेल्या माणसाला शोधत आल्यासारखा एक औषधवाला त्याच आठवड्यात दारात उभा राहिला. त्यानं ड्रमचं झाकण उचललं, नाक मुरडलं.

"साहेब, हे गूळपाणी कशाला घालताय? रोग दारात आलाय. ही पावडर खाद्यातून द्या. आणि पाण्यात हे टाका. एक जंतू जिता राहणार नाही."

सुलाबाई दाराआडून ऐकत होती. ती पुढं आली. "मालक, एक बी जंतू राह्यला न्हाई तर आपलं चांगलं बी मरत्याल की. मग रिकाम्या जागेत कोण येऊन बसंल?"

"सुलाबाई, आता हे आमाला ठरवू द्या," उदयसिंह म्हणाला. आवाज चढवला नाही, पण मान वळवून घेतली.

स्वप्नालीनं फोनवर वाद घातला. अशी औषधं कोळंबीला द्यायला बंदी आहे, असंही सांगितलं. तिला उत्तर मिळालं की यायची तसदी घेऊ नका. शेवटचं एकदा येऊन ती उरलेल्या बश्यांची दोन खोकी सुलाबाईपाशी ठेवून गेली. ड्रम उपडे झाले.

आठ दिवस बश्या कोऱ्या निघाल्या. उदयसिंहानं एक बशी हातात धरून सगळ्यांना दाखवली. अकराव्या दिवशी चार हिरवे ठिपके उगवले. तेराव्या दिवशी मोजता येईनात; सगळी बशी हिरवीगार, ठिपक्याला ठिपका चिकटलेला. त्याच सकाळी पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यांसारखी विष्ठा तरंगत होती आणि काठाला मऊ पडलेली कोळंबी लागली होती. नानासोनं एक उचलून चिमटीत दाबली. टरफल पाण्यात भिजलेल्या कागदासारखं दबलं.

उदयसिंह येऊन बघून गेला. चेहरा पांढरा पडला होता. "जाळं लावा," तो म्हणाला. "जित्ती हाय तेवढी आजच काढायची. गाडी बलिवतो."

सहा माणसं पाण्यात उतरली. सगळ्यांत पुढं नानासो, कारण तळ कुठं खोल आहे ते त्यालाच ठाऊक. गमबुटांची एकच जोडी होती आणि ती फाटलेली. नानासोच्या टाचा बारमाही फुटलेल्या असायच्या, आणि त्याला साखरेचा आजार होता. सुलाबाईनं ती हिरवी बशी पेटीतून काढून स्वतःच्या हातानं झाकून ठेवली होती. तिच्या मनात आलं, ह्यांना आत जाऊ नका म्हणावं. पण का, ते तिला सांगता येईना. कोळंबीचा रोग कोळंबीला, अशीच सगळ्यांची समजूत होती. तिचीही.

ती बांधावर टोपल्या भरत राहिली.

तिसऱ्या ओढीला नानासो ओरडला, "आईगं!" कोळंबीच्या डोक्यावरची काटेरी करवत टाचेच्या भेगेत घुसली होती. त्यानं उपटून टाकली आणि परत जाळं धरलं. गाडी भरून कोळंबी दुपारी निघूनही गेली.

दिवेलागणीला त्याचा पाय ठणकायला लागला. दिसायला नुसता टोचल्याचा डाग, पण माणूस दात खाऊन कण्हत होता. "सुले, आतनं कुणीतरी जाळतंय गं." पहाटेला पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि घोट्यावर जांभळे फोड आले. आत काळपट पाणी.

उदयसिंहानं जीप काढली. निघण्याआधी सुलाबाईनं एक गोष्ट केली. का केली, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. तिनं कापसाची काडी फुटलेल्या फोडाच्या पाण्यात बुडवली, एका बशीवर ओढली, बशी पेटीत ठेवली आणि बल्ब लावला. मग स्वप्नालीला फोन केला. "पोरी, तेवढी पेटी उद्या बघ."

मिरजेच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "साप चावला? काटा लागला?"

"कोळंबी लागली. तळ्यात हिरवं जंतू झाल्यात, त्येचं हाय हे."

"कोळंबी? सांगलीत?" त्यानं उदयसिंहाकडं बघितलं. उदयसिंह म्हणाला, "शुगर हाय त्येला जुनी." डॉक्टरनं मान हलवली आणि साखरेच्या पायाला नेहमी देतात ती औषधं सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वप्नाली पळतच वॉर्डात आली. हातात थर्माकोलची पेटी. तिनं झाकण काढलं आणि बशी डॉक्टरसमोर धरली. तळ्याची बशी शेजारी. दोन्ही सारख्याच हिरव्या.

डॉक्टर खुर्चीवरून उठला. त्यानं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि औषध बदललं. संध्याकाळच्या आत पाय मांडीपासून काढावा लागला. मोठे डॉक्टर बाहेर येऊन सुलाबाईसमोर बाकावर बसले. "बाई, हा समुद्राच्या पाण्यातला जंतू आहे. इथं आम्हाला तो कधी दिसत नाही. तुम्ही काल सांगत होता, ते आम्ही ऐकायला हवं होतं."

सुलाबाईनं विचारलं, "आता ऐकून काय उपेग हाय का?"

रक्तात आधीच पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नानासो गेला. राणी जतहून येईपर्यंत श्वासही टिकला नाही.

उदयसिंह मयताला ढसाढसा रडला. त्यानं स्वतः खांदा दिला. पण येणाऱ्या जाणाऱ्याला तो हेच सांगत होता, "शुगरनं गेला बिचारा."

तेराव्यानंतर स्वप्नाली आली. खोलीच्या उंबऱ्यावरच बसली, आत येईना.

"मावशी, मला ठाऊक होतं. माणसाला लागतो हा जिवाणू. कॉलेजात शिकवलं होतं. पण ते समुद्रावर, परदेशात... इथं होईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तुम्हाला ठिपके मोजायला शिकवले आणि हे सांगितलंच नाही."

सुलाबाई म्हणाली, "मीबी बशी बघितली हुती. बघून झाकून ठिवली. तुजं तू बघ, माजं मी बघती." पुढं म्हणाली, "पर आता गप बसू नगंस. तू मला सांगितलं न्हाईस, तसं आनिक कुनाचं ऱ्हाऊ नगं."

त्या महिन्यात तळेवाल्यांची बैठक होती. दोघी गेल्या. स्वप्नाली बोलायला उठली, चांगले जिवाणू का मारू नयेत, पाण्यात बूट घालून का उतरावं, पायाला जखम असली तर बाहेर का राहावं, सगळं सांगू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, हे भाईर गेलं तर आमचा माल कोण घेईल?" मग सुलाबाई उठली.

"माजा नवरा शुगरनं न्हाई मेला. तळ्यानं मेला." एवढंच म्हणाली. उदयसिंह पहिल्या रांगेत होता. त्यानं खाली बघितलं, पण नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. चहा आला आणि बोलणं खाद्याच्या पोत्यांवर गेलं.

परतताना रस्त्याकडेच्या एका तळ्यावर जाळं पडलं होतं. पाच माणसं अनवाणी, कमरेएवढ्या पाण्यात. सुलाबाईनं स्कूटी थांबवायला लावली. ती बांधावर उभी राहिली आणि मेंढरांना हाळी घालावी तसा मोकळा आवाज काढून तिनं नानासोचं सगळं सांगितलं. टाच कुठं फुटली, फोड कसे आले, किती दिवसांत गेला.

दोन बायका बाहेर आल्या आणि पाय वर घेऊन टाचा चाचपू लागल्या. तीन बाप्ये पाण्यातच राहिले. त्यांतला एक म्हणाला, "मावशे, दोनच वढी ऱ्हायल्यात."

सुलाबाई त्या दोन ओढी होईपर्यंत बांधावर उभी राहिली.