पासवर्ड कळला की बदलायचा!

नाशकात द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या आमच्या कंपनीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर आले आणि प्रत्येकाला पासवर्ड ठेवायला सांगितलं. कॉम्प्युटर आम्ही किती शिकलो देव जाणे, पण पासवर्डचे किस्से मात्र डबा खाताना रोज नवे निघायचे. माणूस गुपित म्हणून काय निवडतो, याचं मला तेव्हापासून भारी कुतूहल!

पहिल्याच आठवड्यात कळलं, निम्म्या ऑफिसचा पासवर्ड एकच. वणीची देवी! कुणीही कुणाचाही कॉम्प्युटर उघडत होतं.

आमचे अकाउंटंट वैद्यकाका भडकले. घरची किल्ली ठेवताना कुणी पाहिलं, तर तिची जागा बदलणारा माणूस तो! त्यांनी नियमच काढला, "पासवर्ड दुसऱ्याला कळला की त्याच दिवशी बदलायचा!"

सगळ्यांनी इमानेइतबारे बदलला. दुसऱ्या दिवशी निम्म्या ऑफिसचा पासवर्ड, त्र्यंबकेश्वर!

*

गोडाऊनवाले शिवाभाऊ पेठकडचे. ते विचारेल त्याला पासवर्ड सांगायचे.

"अहो, लपवायचा असतो तो!" काका ओरडले.

"कुनी इचारलं तर नाय कसं म्हनायचं, साहेब? आन् मी इसरलो तर हेच सांगतील ना!"

खरंच, सुट्टीहून आले की शिवाभाऊंना त्यांचा पासवर्ड हमालच सांगायचे.

*

टायपिस्ट मीनाताईंचा कॉम्प्युटर एकदा बिघडला. मुंबईचा इंजिनियर फोनवर पासवर्ड मागतोय आणि ताई लाजून लाल! पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं नाव. ते असं सरळ कसं घ्यायचं?

शेवटी पदर सावरून त्या फोनमध्ये म्हणाल्या, "गोदावरीच्या घाटावर दिव्यांची रांग, प्रकाशरावांचं नाव घेते, उघडतंय का सांग!"

पलीकडे त्यानं ते लिहून घेतलं. मग आवाज आला, "मॅडम, 'राव'पण टाकायचं का?"

*

एका सीझनला काकांचं हर्नियाचं ऑपरेशन अचानक ठरलं. इकडे कंटेनर बंदरावर पोचलेला आणि त्याचे कागद काकांच्या कॉम्प्युटरात! संध्याकाळच्या आत कागद फॅक्स झाले नाहीत तर बोट चुकणार आणि द्राक्षं उन्हात सडणार. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मीनाताईंनी सगळे देव टाकून पाहिले. काकांची मुलं, गाव, सगळं झालं. मी हॉस्पिटल गाठलं. काका गुंगीत होते, बाहेर बाकावर काकू बसलेल्या. तिथूनच मी ऑफिसला फोन लावला.

"काकू, तुमचंच नाव असेल का हो? सुमती?"

"छे! तुमचं काहीतरीच," काकू म्हणाल्या. मीनाताईंनी टाकलं. नाही उघडलं.

काकू बाकावरून जरा पुढे सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुसुम टाकून बघा."

"कुसुम कोण?"

"माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनीच सुमती लिहिलं. तेव्हापासून सासरी कुसुम म्हणून कुणी हाकच मारली नाही. ह्यांनीसुद्धा नाही."

मी फोनवर नाव सांगितलं. पलीकडून मीनाताई किंचाळल्या, "उघडलं!"

मला हायसं वाटलं. द्राक्षं वाचली! मी काकूंना म्हटलं, "काका शुद्धीवर आले की पहिलं हेच सांगतो."

काकूंनी घाईघाईनं माझा हात धरला. "नको हो! मला कळलंय हे त्यांना सांगू नका. नाहीतर बदलतील!"